धावडा

सोमवारी तीनच्या खेळात फळी तडकली.
तुटली नाही, नुसती एक रेघ, केसाएवढी.
मनमायाच्या तळपायाला ती कळली,
आणि तिनं मान हलवली: नाही.

रात्री नऊला चिमणबागेतून रिक्षा आली मल्हारगंजात,
फळी आडवी, दोन्ही टोकं बाहेर,
मधे मॅनेजर कुंजुमोन, मांडीवर टोपी.
बाबा कुणाच्या तरी खिडकीला रंधा मारत होते.
फळी उभी केली, नखानं वाजवली,
कान लावला.
साग आहे हो हा, म्हणाले.
साग देवघराला, साग पाळण्याला.
साग मार खातो, परत नाही करत.

मग मागून ओढून आणल्या
निमाडातल्या मोडीत निघालेल्या गाडीच्या दांड्या.
धावडा.
तीस वर्षं बैलांच्या खांद्यांमागं
वाकून वाकून सरळ झालेला.
नावातच धाव आहे, मी म्हटलं.
नावाचं राहू दे, बाबा म्हणाले, वजनं सांगा.

मॅनेजरला वजनं ठाऊक नव्हती.
त्याला खुर्च्या ठाऊक होत्या, आणि बाकडी.

म्हणून मंगळवारी सकाळी गेंदालालच्या वखारीत
जळाऊ लाकडाच्या काट्यावर
अख्खी मंडळी उभी राहिली, शाली पांघरून.
उडी टाकणारे दोघे भाऊ:
एकसष्ट. चौसष्ट.
खुर्चीचा बांबू पेलणारा दाजू पुढं झाला तर
बाबा म्हणाले, तुम्ही नको, तुम्ही जमिनीचे.
मनमाया पारड्यात बसली उकिडवी,
समोर वीस, दहा, एक.
काटा थांबला आणि गेंदालालनं सवयीनं
तिच्या बाजूला एक ढलपा वर टाकला,
गिऱ्हाइकाला टाकतात तसा.
ती हसली. त्यानं जीभ चावून तो काढून घेतला.

बाबांनी कानामागची पेन्सिल काढून
आकडे लिहिले फळीच्या पोटाला,
जिथं कुणी बघणार नव्हतं.

दोन दिवस दुकानात दुसरं काम नाही.
दांड्या तासल्या, जोडल्या, बोल्ट आवळले, सैल केले, पुन्हा आवळले.
आईनं विचारलं, पैसे किती ठरले?
बोल्टांचे, बाबा म्हणाले, आणि दोन पास.
दोनच?
आई घरी राहिली.

तंबूत घोड्यांचा वास, भुशाचा वास,
भुशाचा आम्हाला घरचाच.
बँड थांबला.
मनमाया एका टोकावर उभी, हात मांड्यांना चिकटवून,
तिच्यामागं दाजू, कपाळावर बांबू,
बांबूच्या टोकाला लाल गादीची खुर्ची,
घरात कुणी ठेवणार नाही इतकी छोटी.
दोघे भाऊ शिडीवर चढले,
एकमेकांचा हात धरला.

आणि तो आवाज.
ठाप नव्हे. कडाड तर नव्हेच.
गाडी नाल्यातून वर येते
तेव्हा जूं जसं एकदा कण्हतं
आणि मग काही बोलत नाही, तसा.

सगळ्या तंबूच्या माना एकदम वर गेल्या,
शेजारच्या पोराच्या तोंडातला दाणा दिसत होता.
बाबांची मान खाली.
ते फळीकडं बघत होते,
दोन टोकं अजून थरथरत होती,
आणि त्यांचा उजवा हात गुडघ्यावर
तसाच, अगदी तितक्याच वेगानं.
हात थांबला तेव्हा फळी थांबली होती.
किंवा उलट.

परतताना कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत ते बोलले नाहीत.
मी मागं कॅरिअरवर,
त्यांच्या कोटात नाक खुपसून.
चढाला उतरले, सायकल हातानं ढकलत राहिले,
आणि वळून न बघता विचारलं,
बसली का गं ती? खुर्चीत?

टाळ्या तर खूप झाल्या होत्या.
हो, मी म्हटलं.

भावांनी हात धरला
तेव्हाच मी डोळे मिटले होते.